दातातला पेचकस

मला राग लवकर येतो, हे केजात कुणालाबी विचारा. त्या दिवशी मात्र कमरेवर भरली घागर घेऊन मी खरेदी-विक्री संघाच्या गोदामापुढं दोन तास उभी होते, आणि तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. का म्हणाल, तर आमच्या मिस्त्रींची नोकरी त्या दोन तासांवर होती.

त्र्याहत्तरचा मे महिना. आमचे मिस्त्री म्हणजे रहीम मिस्त्री, बसस्टँडमागं त्यांचं गॅरेज होतं. दुष्काळ पडला तशा लोकांनी गाड्या विटांवर चढवल्या, गॅरेजला कुलूप लागलं आणि मिस्त्री दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. तिथंच दीड वर्षामागं हिवाळ्यात ताप भरला, दोन्ही कान वाहायला लागले. ताप उतरला तेव्हा कान गेले. साफ गेले. डोक्यामागं ताट आपटलं तरी मान वळत न्हाई, असे गेले.

बहिरा माणूस मोठ्यानं बोलतो म्हणतात. आमचे मिस्त्री उलट हळू बोलायला लागले, म्हणून कुणाला पत्ताच लागला न्हाई. समोरच्याचे ओठ बघून निम्मं ओळखायचे, राहिलेलं निम्मं हसून मारून न्यायचे. माझे ओठ तर त्यांना पाठ झालते. पण माझं दुःख निराळंच होतं. लग्न झाल्यापासून मी भांडायची आणि हे म्हणायचे, "हळू बोल गं अजमत, गल्ली ऐकतीय." आता मी कितीबी तोंड सोडलं तरी हे आपले हसत बसायचे. हक्काचं माणूस समोर बसलंय आणि भांडता येत न्हाई, हे सांगायचं तरी कुणाला? चुलीपुढं बसून रडून घ्यायची मी.

त्यात भिवंडीहून माझ्या भावाचं, युसूफचं पत्र आलं. इकडं या, मिस्त्रींना यंत्रमागावर लावून देतो, मागाच्या खडखडाटात इथं सगळेच बहिरे होतात, कुणी विचारत न्हाई. युसूफनं मायेनंच लिहिलतं. पण ते पत्र वाचून मिस्त्रींनी पान्यांची पेटी बाजेखाली सारली आणि तिच्यावर पोतं टाकलं. दोन दिवस ते नीट जेवले न्हाईत. मला तेव्हाच कळलं, भिवंडीला गेलो तर हा माणूस पुन्हा इंजिनाला हात लावणार न्हाई. आणि इंजिनाला हात न लावणारे रहीम मिस्त्री मला नको होते.

तेवढ्यात संघाला मिस्त्री पाहिजे असं कळलं. संघाचे तीन ट्रक, एक पाण्याचा टँकर, कायमची नोकरी. चेअरमन सुंदरराव देशमुखांनी सांगितलतं, माझ्या अँबॅसडरचं इंजिन खटखट करतंय, ज्याला तो आवाज सापडंल तो संघाचा मिस्त्री. येताना रेडिएटरसाठी घरचं एक घागर पाणी आणायचं. त्या साली तशी रीतच पडली होती, काम कुणाचंबी असू द्या, पाणी ज्याचं त्यानं आणायचं.

त्या घागरीमुळं मला तिथं उभं राहायला निमित्त मिळालं. आमचं ठरलं होतं. मागून कुणी बोललं की मी घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेणार. मिस्त्रींनी माझ्याकडं बघायचं. मग मी बाकीच्यांकडून पदर आडवा धरून ओठांनी सांगणार, कोण काय म्हणतंय ते. आवाज शोधायला निघालेला बहिरा माणूस आणि त्याची घागरवाली बायको! आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

दुसरा मिस्त्री परळीहून आलता, राधाकिशन नावाचा. तिशीतला, पँटीला इस्त्री, बोलायला चलाख. चेअरमन म्हणले, "पावण्याला आधी संधी."

राधाकिशननं बॉनेट उघडलं, इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण काढलं. आत एका दांडीवर आठ लोखंडी चिमण्या बसल्यावानी ते आठ रॉकर. गाडी चालू झाली की ते खालीवर डोकी हलवतात आणि खालचे व्हॉल्व्ह दाबतात. खट-खट-खट आवाज आख्ख्या आवारात घुमत होता. राधाकिशननं चालू इंजिनात पेचकस घातला, कान वाकडा करून एकेका रॉकरचा स्क्रू आवळत गेला. आवाज कमी, आणखी कमी, आणि शेवटी बंद. पंख्याचा वारा तेवढा ऐकू येत होता. चेअरमनचा ड्रायव्हर मुंजाजी टाळ्याच वाजवायला लागला.

"वा रे पठ्ठ्या!" सुंदरराव म्हणले.

झालं की, संपलंच. पण सुंदरराव जुन्या वळणाचा माणूस. म्हणले, "रहीमभाई, तुमीबी बघा एकदा. पाणी घेऊन आलात, तसंच कसं पाठवू?"

एवढं मिस्त्रींनी त्यांच्या तोंडाकडं बघून ओळखलं. मग माझ्याकडं बघितलं. मी ओठ हलवले, 'आवाज बंद झाला.' त्यांनी मान हलवली आणि बॉनेटकडं न जाता थेट गाडीच्या मागं गेले.

"चाचा, इंजिन पुढं असतंय," राधाकिशन म्हणला. लोक हसले. माझी जीभ शिवशिवली, पण गिळून टाकलं.

मिस्त्री सायलेन्सरच्या नळीपाशी उकिडवे बसले आणि तळहात नळीपुढं धरला. बराच वेळ धरला. मग मुंजाजीकडून बिडीच्या बंडलाचा कागद मागून घेतला आणि नळीच्या तोंडाशी लोंबता धरला. कागद बाहेर फडफडायचा, फडफडायचा, आणि मधीच एकदा चट्कन नळीला चिकटायचा. आतून कुणी ओढून घेतल्यावानी.

"मालक, हे बघा," मिस्त्री त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणले. "इंजिननं धूर बाहेर टाकायचा असतो. हे मधीच आत ओढतंय. व्हॉल्व्ह पुरते बंद होईनात. टॅपेटला, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधी, फट ठेवावी लागती, गेजची पंधरा नंबरची पट्टी सरकंल एवढी. तापला की व्हॉल्व्ह लांबतो. फटच ठेवली न्हाई तर त्यानं बसायचं कुठं? आवाज जातो खरा, पण चार-सहा महिन्यांत व्हॉल्व्ह जळून जातो."

त्यांनी गाडी बंद करायला लावली, पातळ पोलादी पट्ट्यांचा गेज काढला आणि रॉकरखाली पट्टी घालून दाखवली. पंधराची जाईना, दहाची जाईना, सगळ्यात पातळ होती तीसुद्धा जाईना. राधाकिशनचं तोंड उतरलं. सगळे कानावर विसंबले होते. आमच्याकडं कानच नव्हते, म्हणून आमचा हात फसला न्हाई. मला तर उडी मारावीशी वाटली, पण घागर होती.

"मग तुमी करा," सुंदरराव म्हणले. "एक वाजता मला बीडला कलेक्टरकडं टँकरच्या बैठकीला निघायचंय. तवर झालं पाहिजे."

मुंजाजी हँडल मारून इंजिन जरा जरा फिरवत होता आणि मिस्त्री नऊच्या बेरजेनं टॅपेट लावत होते. पहिला रॉकर दबला की आठवा लावायचा, दुसरा दबला की सातवा. दोघांची बेरीज नऊ. हा हिशेब आमच्या घरात नमाजासारखा पाठ होता. एका हातात पाना, एका हातात पट्टी, आणि हात रिकामा पाहिजे असला की पेचकसची लाकडी मूठ दातात. बारा वर्षं मी त्यांना असंच बघत आलते. आठही टॅपेट पंधरावर बसले. मिस्त्रींनी घाम पुसला आणि मुंजाजीला खूण केली.

गाडी चालू झाली. बारीक टिक-टिक-टिक आणि त्या टिकटिकीत एक खट! टिक-टिक-टिक, खट! तोच जुना आवाज, जसाच्या तसा.

आणि मिस्त्री माझ्याकडं बघून हसले. त्यांना वाटलं, झालं. फडक्याला हात पुसत, मान ताठ करून, दीड वर्षात हसले नव्हते तसं हसले. या अल्ला, ते हसू मी कसं बघितलं ते माझं मला ठाऊक. मी ओठ हलवले, 'आवाज हाय. एकच. मोठा.' त्यांच्या तोंडावरचं रगत उतरलेलं मी बघितलं.

पुन्हा गाडी बंद, पुन्हा पट्टी. आठही ठिकाणी पट्टी झकास सरकत होती. पुन्हा गाडी चालू, पुन्हा खट. त्यांनी माझ्याकडं बघून भुवई उचलली, कुठला? आता आठ रॉकर दोन-दोन बोटांच्या अंतरावर, सगळे एकदम नाचतात. मी लांब उभी. मला काय सांगता येणार कुठला ते? मी नुसती मान हलवली. त्यांनी बॉनेटमधी डोकं घातलं. एका हातानं गाडीची रेस धरली, दुसरा हात एकेका रॉकरजवळ नेऊन बघत होते. पेचकस दातात. हातांना काही कळत नव्हतं.

"रहीमभाई, आवाज तर परत आला की," मागून सुंदरराव म्हणले. "कितव्याचा हाय?"

मी घागर इकडच्या कमरेवर घेतली. मिस्त्रींचं डोकं बॉनेटात.

"अहो रहीमभाई, तुमाला विचारतोय!"

मी घागर पुन्हा तिकडं घेतली, जोरात घेतली, आणि भसकन पाणी सांडलं. निम्मी घागर! दोन कोसांवरून आणलेलं पाणी पायाखालच्या मातीनं डोळ्यादेखत पिऊन टाकलं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. राधाकिशननं मात्र आधी माझ्याकडं, मग मिस्त्रींच्या पाठीकडं बघितलं. मोठा पाना उचलून तो चालत गेला आणि मिस्त्रींच्या मागं ऑईलचं रिकामं पिंप होतं त्याच्यावर त्यानं दणका हाणला. मुंजाजी उडाला, गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मिस्त्रींचा खांदासुद्धा हलला न्हाई.

"मालक," राधाकिशन म्हणला, "या माणसाला ऐकू येत न्हाई."

मग मात्र माझी जीभ सुटली.

"होय, बहिरा हाय!" मी ओरडले. "चोरी केली का कुणाची? खडी फोडताना कान फुटले, दुष्काळानं नेले त्याचे कान! मघाशी तुमी सगळे कानवाले टाळ्या पिटत होतात, तेव्हा गाडी जळायला निघालीय हे कुणी सांगितलं? तू सांगितलंस का रे परळीवाल्या? मुडद्या, माणसाच्या पाठीमागं पिंप वाजवतोस, लाज न्हाई वाटत?"

"बाई, जरा शांत व्हा," सुंदरराव म्हणले. त्यांचा चेहरा पडलाच होता. "त्यांचा हात मी बघितला. पण उद्या ट्रकखाली झोपलेत आणि मागून दुसरी गाडी आली, तर हाक कशी मारायची? संचालक मलाच धरतील. आणि आवाज तर सापडला न्हाईच. न्हाई जमायचं, बाई. मला वाईट वाटतंय, पण न्हाई जमायचं."

मी घागर खाली ठेवली. झालं, भिवंडी. बाजेखालची पेटी आता भंगारवाल्याला द्यायची, एवढंच डोक्यात आलं. मिस्त्रींना हे सगळं सांगायचं होतं आणि ते मलाच सांगावं लागणार होतं, माझ्याच ओठांनी.

मी वळले तर मिस्त्री तसेच ओणवे. पण आता ते हलतच नव्हते. दगड झालते. दातात पेचकसची मूठ, त्याचं टोक रॉकरच्या दांडीला टेकलेलं, डोळे मिटलेले. मला वाटलं करंट बसला.

"अहो!" मी धावले. त्यांनी डोळे न उघडता एक हात वर केला. थांब.

मग पेचकसचं टोक उचललं, थोडं पुढं टेकवलं. पुन्हा उचललं, पुन्हा टेकवलं. नाडी बघावी तसं एकेक जागा सोडत पुढं चालले. मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, गालावरच्या काळ्या तेलातून खाली येत होतं. वर एवढा तमाशा झाला, नोकरी गेली, बायकोनं गाव डोक्यावर घेतलं, त्यांना कशाचा पत्ता नव्हता. एका जागी टोक टेकवून ते लई वेळ थांबले. पेचकस काढला.

"पाच नंबर," ते म्हणले. "गाडी बंद कर, मुंजाजी."

मुंजाजीनं चेअरमनकडं बघितलं. चेअरमननी अडवलं न्हाई, तेव्हा त्यानं गाडी बंद केली. मिस्त्रींनी पाचवा रॉकर उचलून धरला आणि त्याच्या टोकाखालून बोट फिरवलं.

"राधाकिशन, इकडं ये. बोट लाव."

राधाकिशननं बोट लावलं. "खळगा हाय, चाचा."

"घासून खळगा पडलाय. पट्टी खळग्यावरून सरळ जाती, खळग्यातली फट तिला कळत न्हाई. ती म्हणती पंधरा, खरी फट निघती पंचवीस." मिस्त्रींनी गेज खिशात टाकला. चौथा रॉकर दबेपर्यंत इंजिन फिरवायला लावलं. पाचव्याचा स्क्रू बोटांनी अलगद आवळला, ढिलाई संपली तिथं थांबले, आणि बरोबर पाव फेरा मागं घेतला. पान्यानं नट पक्का केला.

गाडी चालू झाली. टिक-टिक-टिक-टिक, शिलाई मशीन चालावी तसा एकसारखा आवाज. खट न्हाई. मिस्त्रींनी बिडीचा कागद राधाकिशनच्या हातात दिला. राधाकिशन मुकाट्यानं मागं जाऊन बसला आणि थोड्या वेळानं ओरडला, "नुसता बाहेर फेकतंय, मालक!"

सुंदरराव मिस्त्रींच्या समोर येऊन उभे राहिले. नीट, तोंडासमोर. सावकाश म्हणले, "रहीमभाई, तुमाला ऐकू येत न्हाई. मग पाच नंबर कसा ऐकला?"

मिस्त्रींनी एकदम माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, तेव्हा त्यांना कळलं की सगळ्यांना कळलंय. ते घाबरले. पण खोटं बोलले न्हाईत. पेचकस पुढं करून म्हणले, "यातून आलं, मालक. दातातून थेट डोक्यात. मलाबी आत्ताच कळलं. दीड वर्षात पहिल्यांदा कायतरी ऐकलं मी."

सुंदररावांनी पेचकस घेतला. मूठ ओली होती मिस्त्रींच्या थुंकीनं. देशमुखांच्या घरात आमच्यासाठी कप वेगळा असतो, तिथल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. मुंजाजी पुढं होऊन म्हणला, "मालक, आणा, मी बघतो." सुंदररावांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. उपरण्यानं मूठ एकदा पुसली, टोपी मागं सारली, बॉनेटात वाकले आणि पेचकस दातात धरला.

सुंदररावांनी टोक दांडीवर टेकवलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"च्यायला!" ते तोंडातला पेचकस काढून म्हणले. "कवटीत वाजतंय की!"

मग त्यांनी उपरणं झटकलं, घड्याळात बघितलं आणि मिस्त्रींच्या तोंडापुढं बोलले, "एक तारखेपासून या. मुंजाजी, सगळ्यांना सांगून ठेव. संघात कुठलीबी गाडी सुरू करायच्या आधी मिस्त्रीच्या खांद्याला हात लावायचा. ज्यानं लावला न्हाई, तो घरी. संचालकांना काय सांगायचं ते माझं मी बघीन."

राधाकिशननं माझी घागर उचलली, उरलेलं निम्मं पाणी रेडिएटरात ओतलं आणि रिकामी घागर दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. "चाची, चुकलं," म्हणला. मी नुसती फणकाऱ्यानं घागर घेतली. एवढ्यात माफ करायचा माझा स्वभाव न्हाई.

चेअरमनची गाडी टिकटिकत फाटकाबाहेर गेली. मिस्त्री पिंपाच्या सावलीत बसून हत्यारं पुसत होते. मी त्यांच्यासमोर बसले. ते माझ्या ओठांकडं बघायला लागले, सवयीनं. मी पदर तोंडावर घेतला. मग त्यांच्या हातातला पेचकस घेतला, मूठ त्यांच्या दातात दिली, आणि टोक माझ्या हनुवटीच्या हाडाला टेकवलं. दीड वर्षाचं बोलणं साठलं होतं. त्यातलं जे आधी तोंडाला आलं ते बोलले.

"तुमच्यापायी माझी निम्मी घागर सांडली. वर बघायला काय झालतं? आता दोन कोस कोण जाणार, तुमची आई?"

मिस्त्री हलले न्हाईत. डोळे भरून आले. मला वाटलं, न्हाई पोचलं. इंजिन लोखंडाचं, मी हाडामांसाची, कसं पोचंल? मी श्वास भरला आणि आणखी मोठ्यानं सुरू करणार, तेवढ्यात त्यांनी पेचकस दातातून काढला.

"हळू बोल गं अजमत," ते म्हणले. "ऐकू येतंय."